जोडलाइन तपासण्याबाबत

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा अगदी पायांपर्यंत वाकून नमस्कार. (पोट मधे येतं, त्यामुळे प्रत्यक्षात गुडघ्यांपर्यंतच वाकता आलं. उरलेला मनोभावे समजून घे.)

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींनी गच्चीत लावलेल्या टोमॅटोंना या वेळी तरी टोमॅटो आले का, की तू अजून रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा राहून पृथ्वीच्या आसाचा कल समजावून सांगतोस? शाळेतून निवृत्त होऊन इतका काळ लोटला, आता झाडांना तरी सुट्टी दे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहितो, पण या वेळी ते तपासून, खात्री करून लिहितो आहे.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. कारण फोनवर मी 'कोलो' एवढं म्हटलं की तुला ऐकू येईनासं होतं आणि 'नोस्कोपी' म्हणेपर्यंत फोन वहिनींच्या हातात गेलेला असतो. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस, निदान शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी. बाबा आतड्याच्या दुखण्याने गेले हे ऐकल्यावर डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही एकदा आत कॅमेरा घालून बघायला सांगितलं, आणि तू मोठ्या मनाने म्हणालास, तू आधी जाऊन ये, मग मला सांग कसं असतं ते. (लहानपणी थंड पाण्यात उतरताना तू हेच म्हणायचास आणि माझे दात वाजायला लागले की घरी निघून जायचास.) तर दादा, मी गेलो, आलो, कामावरही रुजू झालो. आता सगळं सांगतो. ते वाचून झाल्यावर तुला जायचं आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच चष्मा सापडेनासा व्हायला नको.

आदल्या दिवशी पोट धुवायचं असतं. म्हणजे एक पावडर भलंमोठं भांडंभर पाण्यात कालवायची आणि पेल्यामागून पेला पीत राहायचं. चव म्हणशील तर लिंबाची आठवण काढत कोणीतरी समुद्रात साबण विरघळवला असावा, अशी. पहिल्या पेल्याने काहीच झालं नाही. दुसऱ्यानेही नाही. मी हिला ऐटीत सांगू लागलो की इतकी वर्षं ड्रेनेज खात्यात काढली आहेत, मला उतार कळतो, आपली लाइन मुळातच चांगल्या उताराची आहे, तिला औषधाची फारशी गरज नसावी. ते वाक्य मला तिथे उभं राहून पुरं करता आलं नाही. पुढचा वृत्तांत तुझ्या वयाचा मान राखून गाळतो. एवढंच सांगतो की आमच्याकडे संडास एकच, लेकीची परीक्षा तोंडावर, आणि तिला अभ्यासाचा ताण आला की तीही पुस्तक घेऊन तिथेच जाऊन बसते. शेवटी हिने तिला पुस्तकांसकट मैत्रिणीकडे पाठवलं. नेमक्या त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्याकडे येऊन बसल्या, आणि इमारतीची पाण्याची टाकी आज एवढी लवकर कशी रिकामी झाली, याचं बराच वेळ आश्चर्य करत राहिल्या. ही त्यांना हो ला हो म्हणत होती आणि मी आतून नवीन पुरावे देत होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिथे गेल्या गेल्या एक झगा देतात. त्याला पुढून सगळं आहे, मागून फक्त नाड्या आहेत. त्या स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत आणि दुसऱ्याला बांधायला सांगावं इतकी तिथे कोणाशी ओळख झालेली नसते. मी भिंतीला पाठ लावून कडेकडेने चालत राहिलो. बाकीचे दोघे झगेवालेही तसेच चालत होते, त्यामुळे आमची समोरासमोर छान ओळख झाली. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान आणि हसतमुख. आता मी शहराच्या पोटात कॅमेरा ढकलून पोट भरणारा माणूस, मला गप्प बसवेना. मी विचारलं, केबल किती जाडीची, दिवा कडेने आहे की मधोमध, आणि अंतर आत जाताना मोजता की परत येताना? (आम्ही परत येताना मोजतो. जाताना केबल सैल असते, भलताच आकडा मिळतो.) त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आनंदाने दिली. तिसऱ्याला त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि सिस्टरने सुई टोचली. वळणावर जोर लावायचा नाही, थोडं मागे घेऊन मग पुढे जायचं, हे मी त्यांना सांगायला सुरुवात केली होती. ते सांगून झालं की नाही मला माहीत नाही, कारण पुढच्या क्षणी मी दुसऱ्या खोलीत होतो, हातात बिस्किट होतं आणि सगळं उरकलेलं होतं. दुखलं का? नाही. काही कळलं का? नाही. भीती वाटली का? मुळीच नाही. हे तिन्ही नकार तू नीट वाचून घे.

मग डॉक्टरांनी फोटो दाखवले. दादा, मी उभ्या जन्मात इतकी स्वच्छ लाइन पाहिलेली नाही. गुलाबी, ओलसर, कडा कशा गोल. मला स्वतःविषयी आदर वाटला. फक्त एका वळणावर मांसाचा एक लहानसा कोंब उगवला होता. त्याला पॉलिप म्हणतात. तो त्यांनी तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढला होता आणि तपासायला पाठवला होता. बहुतेक साधाच असेल, म्हणाले. त्या 'बहुतेक'नंतर मी बिस्किट परत बशीत ठेवलं. बाबांच्या वेळीही 'बहुतेक'पासूनच सुरुवात झाली होती, तुला आठवत असेल. मग त्यांनी विचारलं, भाऊ तपासून गेले का? मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तुला सोबत आणायचं मीच विसरलो आहे. घरी सोडताना त्यांनी बजावलं की आज गाडी चालवू नका, आराम करा आणि महत्त्वाचे निर्णय घेऊ नका. (एरवी तरी कुठे घेतात, असं ही म्हणाली आणि सिस्टरसुद्धा हसली.)

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झालो. घरी बसून त्या 'बहुतेक'चा विचार करत राहण्यापेक्षा गटारं बरी. रजा मी खासगी कामासाठी म्हणून घेतली होती. खरं कारण फक्त मुकादमाला सांगितलं होतं आणि मुकादमाने, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून, फक्त ड्रायव्हरला. या ड्रायव्हरला आम्ही वादळ म्हणतो, कारण गाडी आणि बातमी तो एकाच वेगाने नेतो. फाटकातून आत शिरतो तो रखवालदाराने उठून मला स्वतःची खुर्ची दिली आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिच्यावरची उशीही सरळ करून दिली. आत गेलो तर माझ्याशी सगळे उभ्याने बोलू लागले. मी बसेन तर मला त्रास होईल आणि ते बसले तर मला बसावं लागेल, असा त्यांचा समज झाला असावा. प्रत्येकाकडे सासऱ्याची नाही तर मेव्हण्याची एक गोष्ट होती. कोणाचा मेव्हणा तपासणी चालू असताना मधेच जागा झाला आणि त्याने डॉक्टरांना वेळ विचारली, कोणाचे सासरे झगा घालूनच बसस्टॉपपर्यंत गेले. मुकादमाने मला कोपऱ्यात नेऊन विचारलं की आतला दिवा बाहेरून दिसतो का. मी म्हणालो, मुकादम, मी झोपलो होतो. तो म्हणाला, तरी पण.

वादळने त्या दिवशी कॅमेऱ्याची गाडी अशी चालवली की मागून सायकलवाले घंटी वाजवू लागले. गतिरोधक आला की तो थांबायचा, माझ्याकडे वळून पाहायचा आणि मी मान हलवली की मगच चाक पुढे घ्यायचा. पोटातली हवा मात्र त्याच्या काळजीला जुमानत नव्हती. तपासणीच्या वेळी आत हवा भरतात, ती नंतर आपल्या सवडीने बाहेर पडते. तेही आमच्या बंद गाडीत, तीन माणसं पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसलेली असताना. पण आमच्या धंद्याची एक मोठी सोय आहे. गटाराच्या चेंबरचं झाकण उघडं असताना कोणीही कोणावर आळ घेऊ शकत नाही. (तू मात्र तपासणीनंतर लगेच वाचनालयात जाऊ नकोस.)

आता मुख्य गोंधळ. ते फोटो तुला दाखवावेत, म्हणजे तुझा धीर वाढेल, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी दवाखान्याच्या कागदांवरून त्यांचे जवळून फोटो काढले, आणि काढले ते हातात होता त्या फोनवर. तो होता खात्याचा. या फोनवर आम्ही दिवसभर लाइनचे फोटो काढतो आणि ते आपोआप कार्यालयात जाऊन पडतात, आठवड्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांसमोर भिंतीवर दाखवण्यासाठी. बैठकीचा शिरस्ता असा की ज्याने कॅमेरा ढकलला त्याने उभं राहायचं आणि साहेब विचारतील तेवढंच सांगायचं. मधे बोललेलं साहेबांना खपत नाही. शिवाय भिंतीवर फोटो पाडणाऱ्या यंत्राचा दिवा बिघडल्यापासून आमच्याकडे सगळ्याच लाइनी गुलाबी दिसतात. मी बाजारामागच्या लाइनविषयी बोलत उभा होतो, चार-पाच गुलाबी फोटो होऊन गेले आणि पुढचा आला तो मी.

मी ओळखला लगेच. स्वतःचं माणूस ओळखू येतंच. पण समोर सगळी टोळी, हिशेब पाहणाऱ्या दोघीजणी, बांधकाम खात्याचे पाहुणे, आणि साहेब तर बोलायलाही लागले होते. ही लाइन कुठली, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जुनी आहे साहेब. आतून इतकी स्वच्छ कशी? धुतली आहे. कोणी? मी स्वतः. साहेब खुर्चीतल्या खुर्चीत वळले आणि लाइनी धुण्याच्या टोळीला म्हणाले की बघा, मनापासून केलेलं काम असं दिसतं. टोळीने माना खाली घातल्या. मला फार अपराधी वाटलं, पण दादा, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला. तेवढ्यात पुढचा फोटो आला. त्यात तो कोंब होता.

इथे तुला आमच्या खात्याचा एक नियम सांगायला हवा. पूर्वी आमच्याकडे लाइनी जोडीने टाकत, रस्त्याच्या दोन कडांना दोन, एकाच कारखान्यात घडलेल्या. त्यातल्या एकीत झाडाचं मूळ शिरलेलं सापडलं की दुसरीत महिन्याच्या आत कॅमेरा घालायचाच, मग ती कितीही सुरळीत वाहत असो. कारण मूळ शिरलं तरी लाइन बराच काळ वाहतच राहते. तक्रार येते तेव्हा रस्ता खोदायची वेळ आलेली असते. हिला आम्ही जोडलाइन म्हणतो आणि या बाबतीत साहेब कोणाचं काही ऐकत नाहीत. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि माझ्या कोंबावर पेनाने टकटक केलं.

"मूळ शिरलंय. काढलं का?"

"काढलं साहेब. तुकडा तपासायला दिलाय."

"हिला जोडलाइन आहे?"

"आहे साहेब. थोडी आधीची, पण एकाच घडणीची."

"मग तिच्यात कॅमेरा घातला का?"

"नाही साहेब. ती घालू देत नाही."

इथे वादळला राहवलं नाही. तो आधी खोकला, मग टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला आणि तिथून त्याचं हसू ऐकू येऊ लागलं. मग मुकादम फुटला. मग हिशेबाच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि पेन हळूच खिशात ठेवून दिलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं (जमिनीच्या पोटात काय काय असतं हे माहीत असूनही). पण साहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, जोडलाइन म्हणजे कोण? मी म्हणालो, मोठा भाऊ. वडील याच दुखण्याने गेले. वादळ टेबलाखालून वर आला. साहेब म्हणाले, "माणसांना वेगळा नियम नाही. महिन्याच्या आत." आणि पुढचा फोटो लावायला सांगितला.

बैठकीनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की खरंच काही कळत नाही का. तेव्हापासून मी खात्यातला जाणकार झालो आहे. चहाच्या वेळी माणसं येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी पावडरच्या चवीवर येतात. धुण्याच्या टोळीने मला माफ केलं आहे, पण आता ते माझ्या हाताखाली उमेदवारी करायची म्हणतात.

निकाल आज दुपारी फोनवर आला. आम्ही गाडीत होतो. वादळने न सांगता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. डॉक्टर म्हणाले, कोंब साधा होता, काळजीचं काही नाही. पण अशा जातीचा होता की आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर बिघडला असता. मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. मुकादमाने हात पुसायचं फडकं पुढे केलं, ते इतकं मळलेलं होतं की मी रडणं थांबवलं.

दादा, बाबांचाही असाच असणार. कधीतरी लहान, काढता येण्याजोगा. त्यांनाही काही होत नव्हतं, तेही माझं पोट ठणठणीत आहे म्हणायचे, आणि आपणही त्यांच्या ठणठणीतपणावर विश्वास ठेवून बसलो. मग तू आणि मी त्या दवाखान्याच्या बाकावर किती बसलो ते तुला माहीत आहे. मला पुन्हा तिथे बसायचं नाही. तुझ्यासाठी तर नाहीच नाही. तू आहेस म्हणून मी अजून धाकटा आहे, आणि या वयात ही बढती मला नको आहे.

वहिनींना नमस्कार, टोमॅटोंना शुभेच्छा. एक भित्रा दादा सोडला तर बाकी सगळं क्षेम आहे.

तुझा (आतून-बाहेरून तपासलेला),
धाकटा

ता. क. तुला विचारून ठरवायचं असं मनात होतं, पण तू काय म्हणशील ते माहीत असल्यामुळे न विचारताच ठरवलं. तुझी वेळ घेतली आहे, त्याच डॉक्टरांची, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पावडर वहिनींकडे पोचली आहे. कुठे ठेवली आहे ते त्या सांगणार नाहीत. साहेबांनी मला त्या दिवशीची रजा दिली नाही. 'जोडलाइन तपासणी' असं लिहून कामावरच नेमलं आहे. तेव्हा तू आला नाहीस तर माझी गैरहजेरी लागेल.

आणखी ता. क. सोबत फोटो जोडणार होतो, पण साहेबांनी दवाखान्याचे कागदच मागून घेतले. नवीन भरती झालेल्या मुलांना लाइन कशी धुवावी हे दाखवायला ते वापरणार आहेत. कोंबाचा मात्र परत दिला, तो पाठवतो. वहिनींना आधी दाखवू नकोस.

दादांना नमस्कार. पाकिटात घालण्याआधी पत्र वाचलं, म्हणून खाली मी दोन ओळी लिहिते आहे. ह्यांनी भीती वाटली नाही असं लिहिलंय ते वाचून सोडून द्या. आत जाताना माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली. आणि जाग आल्यावर बिस्किट हातात येईपर्यंत काय झालं, ते ह्यांना आठवत नाही, मी सांगितलेलंही नाही. अर्धवट गुंगीत सिस्टरची बाही धरून हे सारखं एकच म्हणत होते, मला बाहेर ऐकू येत होतं, "दादाला आधी घ्या, तो मोठा आहे, त्याला आधी घ्या." सिस्टरला वाटलं तुम्ही आला आहात. ती दारात येऊन विचारून गेली, दादा कोण आहेत? बाकावर मी एकटीच बसले होते. तेव्हा सोमवारी या.